पडद्यामागच्या मुली

एदलाबाद,
१९ मार्च १९३२

तीर्थरूप भाऊ,

साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. झुंबरवहिनींचा खोकला थांबला का ते कळवा. यंदा इकडे केळीचे घड चांगले भरलेत आणि माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला वाळवी लागली आहे. क्षेमकुशल झाले, आता भांडते.

तुमचे पाकीट मंगळवारी मिळाले. आत माफीनामा, तुमच्याच वळणदार हातचा. वकिलाकडची कारकुनी तुमच्या हाडीमासी भिनली आहे, एक काना चुकलेला नाही. "सदरहू कृत्य अनवधानाने घडले." भाऊ, ते मी जाणूनबुजून केले. अनवधान झाले ते आदल्या दिवशी, आणि त्याबद्दल मला कोणी माफी मागायला सांगत नाही.

शिवरात्रीच्या जत्रेला छगन सिनेमावाल्याचा तंबू आला होता. त्याच्याकडे एका किल्ल्याच्या वेढ्याचे मुके चित्र होते, मधे मधे पाटीएवढ्या अक्षरांत मजकूर. म्हटले, इतिहास आणि वाचन एका बैठकीत होईल. छगनला गळ घातली. माझ्या मुलींच्या शाळेत एवढी जागा नाही, मोठा वर्ग मुलांच्या शाळेत आहे. खिडक्यांवर घोंगड्या टाकल्या, मधोमध मांजरपाटाचा पडदा बांधला. मुलांचे चुडामण मास्तर म्हणाले, "मुली पडद्यामागं, जत्रेतल्यासारख्या." गावची रीतच ती, पुरुष पुढे, बायका मागे. मीही निमूट बसवल्या. चित्र मागूनही दिसतेच ना, असे मनाला सांगितले. निदान मला तरी कळायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी पाट्या पाहिल्या. तेवीसपैकी नऊ मुलींनी अक्षरे उलटी काढली होती, पडद्यामागून दिसतात तशी. सुकदेव पाटलांची भिकू यंदाच शाळेत आली आहे. तिने तर अख्खे वाक्य उजवीकडून डावीकडे लिहिले. मी रागावले तर म्हणते, "बाई, पडद्यावर असंच तं होतं!" खोटे काय बोलली?

मग मी छगनला पुन्हा बोलावले. या खेपेला मुली पुढे आणि मुलगे मागे. चुडामण मास्तर दारात आडवे उभे राहिले. मी म्हटले, "मास्तर, काल मुली बसल्या तिथेच बसायचेय. फासावर नाही चढायचे." छगनने एकच रीळ तीनदा फिरवले. पहिल्यांदा नुसते पाहायचे, दुसऱ्यांदा अक्षरे मोठ्याने वाचायची, तिसऱ्यांदा चित्रात खोटे काय ते शोधायचे. तिसऱ्यांदा भिकू ताडकन उठली. "बाई, त्या शिपायाच्या हाताले घड्याय हाये!"

खरेच होते. तीनशे वर्षांपूर्वीच्या तटावर भालाईत उभा आणि त्याच्या मनगटावर घड्याळ! मुली हसून लोळल्या, पडद्यामागून मुलगेही हसले. डोळ्यांना दिसले म्हणून खरे मानायचे नाही, हे मी वर्षभर घसा कोरडा करून शिकवते. त्या पोरीने ते एका आरोळीत शिकवले.

संध्याकाळी शाळा कमिटीचे अध्यक्ष रुपचंद शेठ आले. त्यांचा नातू मागे बसला होता. "पोऱ्यांचा अपमान झाला," म्हणाले. मी विचारले, "आणि शेठ, काल पोरींचा काय झाला होता?" एवढेच माझे सदरहू कृत्य. त्यावर शेठ कमिटीला लेखी माफीनामा द्या म्हणाले आणि परस्पर तुम्हालाही कळवून मोकळे झाले.

सही केली नाही तर एप्रिलपासून नोकरी नाही, हे मला ठाऊक आहे. माझ्यासारख्या विधवेला दुसरी शाळा कोणी पायघड्या घालून बोलावणार नाही, हेही. ते मी सोसेन. पण माफीनाम्याच्या तळाशी तुम्ही बारीक अक्षरांत लिहिलेत, "सही नसेल तर माझ्या दाराची पायरी चढू नकोस." ते चार दिवस वाचते आहे. रडलेही. बाकीचा कागद रुपचंद शेठही लिहू शकले असते. ही ओळ तुमची आहे.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण आता लिहिते. मी सात वर्षांची होते, तुम्ही अकरा. हीच जत्रा. मी आईजवळ पडद्यामागे, तुम्ही आबांच्या मांडीशी पुढे. अक्षरे आली की तुम्ही गळा फाडून वाचायचात, मला मागे ऐकू यावे म्हणून. आबांनी कानाखाली दिली तरी थांबला नाहीत. घरी येऊन मी कोळशाने भिंतीवर 'राजा' लिहिले, उलटे. तुम्ही हसला नाहीत. आबांचा दाढीचा आरसा आणून भिंतीसमोर धरलात. "बघ सुनी, आता सरळ दिसतं."

त्या आरशामुळे मी आज शाळेत बाई आहे. आणि तरी माझ्या मुलींना मी मागे बसवले, एक पूर्ण दिवस! लाज वाटते ती त्याची. माफी मागायचीच तर मी त्या तेवीस जणींची मागेन, आणि ती मागितली आहे, भर वर्गात.

आता तुम्हीच मला म्हणता, सुनी, मागे जाऊन बस. नाही बसणार. तुम्ही सांगितलेत तरी नाही.

माफीनामा परत पाठवते आहे. पुढच्या बाजूला माझी सही नाही. पाठीमागे तेवीस मुलींनी आपापली नावे लिहिली आहेत, सगळ्यांत वर भिकूचे. वहिनींना दाखवा. वाचायला आरसा लागणार नाही.

तुमच्या आवाजावर वाचायला शिकलेली,
सुनंदा