अर्धी बाटली

३ जुलै
ऊन नुसतं भाजून काढतंय. तुर्किस्तानच्या रस्त्यावर डांबर चाकाला चिकटत होतं. शेवटच्या चढावर पोरी मला मागे टाकून गेल्या, एकीनंही वळून पाहिलं नाही. नाही, कामशातनं पाहिलं. थांबली आणि खिशातली कुर्तची, म्हणजे सुकवलेल्या खाऱ्या दह्याची, गोळी माझ्या हातावर ठेवली. "चघळा अपके. खारट आहे, पायात गोळे यायचे नाहीत." संघातल्या सगळ्या मला अपके म्हणतात, थोरली बहीण. बत्तीस म्हणजे सायकलवर म्हातारीच की!

राष्ट्रीय संघात एकच जागा उरलीय. तोलेगेन आगा म्हणाले, "बारा तारखेच्या शर्यतीत जी पुढे येईल ती. मला नाती सांगू नका." एवढी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण आमच्या प्रशिक्षकांना दया म्हणून नाही.

५ जुलै
व्यायामशाळेतल्या बाईकडून पावडर आणली. "उन्हाचं काही वाटणार नाही बघ." डब्यावरचं लेबल अर्धं फाटलेलं. आगांना कळलं तर सायकलसकट घरी पाठवतील. मोज्यांखाली ठेवलाय.

७ जुलै
घेऊन पाहिली. काय पाय चालले! डोकं तापलं, छाती धडधडत होती, पण थकवा म्हणून कळला नाही. रात्री डोळ्याला डोळा नाही. असू दे.

१२ जुलै
काय लिहू? कामशात इस्पितळात आहे.

सकाळी सुरुवातीच्या रेषेपाशी मी माझी बाटली पीत होते, पावडर घातलेली. कामशात आली. "अपके, संपवू नका. तुमचं सारकीत द्या मला." थोरांचं उष्टं घेतलं की त्यांचं नशीब आपल्यात उतरतं, हे आमच्याकडे सगळ्याच घरांत मानतात. मागितलं तर नाही म्हणत नाहीत. नाही म्हणणं म्हणजे समोरच्याचं वाईट चिंतणं. आगा एरवी ओरडतात, दुसऱ्याची बाटली तोंडाला लावायची नाही म्हणून. पण सारकीत म्हटलं की ते स्वतःच तोंड फिरवतात.

आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. या पोरींत कुणाला तरी अजून माझं नशीब हवंय! पावडर आठवली नाही असं नाही. आठवली. वाटलं, अर्धी बाटली, काय होतंय. "बाई गं, यात औषध आहे," एवढं म्हटलं असतं तर ती हसून निघून गेली असती. म्हटलं नाही. बाटली दिली.

मी अर्ध्या वाटेत ओकले आणि मागून येणाऱ्या आगांच्या गाडीत बसले. ती मात्र सुटली ती सुटलीच. आगा खिडकीतून ओरडत होते, "पाणी पी, हळू हो!" ती ऐकेचना. तिला थकवा कळतच नसणार, हे त्या गाडीत मला एकटीला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले होते. पहिली आली. रेषा ओलांडली आणि सायकलसकट आडवी झाली. हात लावला तर अंग तव्यासारखं, आणि घामाचा थेंब नाही. कपड्यात बर्फ कोंबला तिच्या. पहिलीची उत्तेजकांसाठी तपासणी करतातच, त्यामुळे तपासणीवाली बाई इस्पितळातल्या खोलीबाहेर थांबूनच होती. माझी कोण करणार?

१३ जुलै
शुद्धीवर आली. देवा, वाचली.

२ ऑगस्ट
अहवाल आला. तिच्या लघवीत उत्तेजक सापडलं. आगांनी सगळ्यांना उभं केलं. "पोरीनं काय घेतलंय, कुणाला माहीत आहे?" मी बुटाची नाडी बांधायला वाकले.

४ ऑगस्ट
कामशातकडे गेले. तिची आई चहा ओतून आत गेली. पोरगी केवढीशी झालीय. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग खाली बघून म्हणाली, "रागावू नका अपके. त्या बाटलीत काय होतं?"

"मीठ, साखर, लिंबू."

"तेच सांगितलं मी आगांना. म्हटलं, अपकेवर संशय नको." आणि माझाच हात धरून रडली. दोन वर्षांची बंदी येईल म्हणतात. जिभेला काय झालं होतं माझ्या!

९ ऑगस्ट
डबा पिशवीत घालून आगांच्या घरी गेले. त्यातलं उरलेलं तपासलं तर तिनं जाणूनबुजून घेतलं नाही, एवढं तरी कळेल. "ये, बस," म्हणाले. खरबूज कापलं. त्यांच्या गुडघ्याबद्दल बोललो. पिशवी मांडीवरच राहिली. परत आले.

१० ऑगस्ट
उद्या नक्की.

११ ऑगस्ट
नाही गेले.

१४ ऑगस्ट
आगांचा फोन. कामशातची जागा मला. म्हणाले, "तिनंच तुझं नाव सुचवलं. अपकेसारखी स्वच्छ बाई संघात दुसरी नाही, म्हणाली."

मी हो म्हटलं.