लोखंडावर लोखंड

दि. ३ एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. कानाचं यंत्र पुन्हा कपाटात टाकलंत हे वाचून आईनं कपाळावर हात मारला. तुम्हाला फोन करणं म्हणजे भिंतीला हाका मारणं. म्हणून तर सगळ्या नात्यागोत्यात एकट्या तुमच्यासाठी मी पोस्टाची तिकिटं बाळगते.

बाबांच्या पिकअपचं जुनं इंजिन शेवटी उतरवलं. चढावर सायकलवाले पुढे जाताना वळून बघायचे, तेही सहानुभूतीनं. आता मागून चेपलेल्या एका व्हॅनचं डिझेल इंजिन घेतलंय. इंजिन ठणठणीत आहे, पण त्याचे पाय जुन्या जागी बसत नाहीत. नवे लोखंडी ब्रॅकेट करावे लागणार. आमचा मेकॅनिक म्हणतो, ब्रॅकेट आणि इंजिनाच्या मध्ये रबराचे गट्टू हवेतच, आणि नेमक्या मापाचे यायला दहा दिवस लागतील. हा माणूस चहासुद्धा सबुरीनं घ्या म्हणतो, म्हणून त्याला सगळे सबुरे म्हणतात.

माझ्याकडे दहा दिवस फुकट घालवायला नाहीत. शाळेच्या बत्तीस खिडक्यांना महिनाअखेर काचा बसवून द्यायच्यात. उशीर झाला तर काम पुलापलीकडच्या दुकानाला जाईल, असं मुख्याध्यापिका बाईंनी तोंडावर सांगितलंय. बाबा गेल्यानंतर दुकानाला मिळालेलं हे पहिलं मोठं काम आहे. तुम्ही चाळीस वर्षं इंजिनं सांभाळलीत. रबराशिवाय चालेल का, तेवढं कळवा.

आईनं आशीर्वाद सांगितलाय. ती थोरली आहे याची आठवणही द्यायला सांगितलीय. माया आहे तशी असू द्या.

तुमची भाची

दि. ६ एप्रिल

चि. काचबाईस,
अनेक आशीर्वाद.

रबर चपलेला लावतात. माझ्या पंपघरात सहा इंजिनं होती, प्रत्येक तुझ्या दुकानाएवढं. काँक्रीटच्या ओट्यावर मनगटाएवढ्या बोल्टांनी जखडलेली. चाळीस वर्षांत एकही केसभर सरकलं नाही, आणि शहराला एक दिवस पाणी कमी पडलं नाही. तिथे कोणी रबराचं नाव काढलं असतं तर त्याला मी बागेत पाइप धरायला पाठवलं असतं.

नाचता येईना त्याला अंगण वाकडं, आणि बोल्ट आवळता येईना त्याला रबर हवं. सबुरे की सुस्ते, जो कोणी असेल त्याला सांग, लोखंडावर लोखंड बसव आणि पाना दोन्ही हातांनी धर. मालक तू आहेस की तो? भावोजींनीही आयुष्यभर कारागिरांचं ऐकून घेतलं. म्हणूनच ती गाडी सायकलींच्या मागे राहिली.

ताईला नमस्कार. ती थोरली आहे हे मी साठ वर्षं विसरू शकलेलो नाही. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा मामा

दि. १४ एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा शब्द खाली पडू दिला नाही. सबुरेला मी चारचौघांत सांगितलं की माझ्या मामांनी तुझ्या वयाएवढी वर्षं इंजिनं चालवलीत. त्यानं मी सांगितलं तसं काम चोख केलं. फक्त एक गोष्ट केली नाही. काम झालं की तो बॉनेटच्या आतून रंगानं तारीख आणि आपलं अक्षर लिहितो. माझ्या गाडीत लिहिलं नाही. मी म्हटलं, नको लिहूस, रंग वाचला.

आता ऐका. पहिल्या खेपेला हौद्यातल्या लाकडी घोडीवर आठ काचा उभ्या केल्या. शाळेत पोचेपर्यंत तीन तडकल्या होत्या. दुसऱ्या खेपेला दोन. सगळ्या खालच्या कोपऱ्यातून. गाडी चौकात नुसती उभी असतानाही डॅशबोर्डवरचा चष्मा चालत चालत खाली पडतो. बाईंनी तुकड्यांकडे बघून विचारलं, की काचा दुकानातच फोडून आणता का. आणखी एक फुटली तर पुलापलीकडे निरोप जाईल म्हणाल्या. आई म्हणते, भावाचा सल्ला आणि गळकी छत्री सारखीच, घेऊन निघालं तरी भिजायचंच.

काय करू ते लवकर लिहा. जीव टांगणीला आहे.

तुमची भाची

दि. १७ एप्रिल

चि. काचबाईस,
अनेक आशीर्वाद.

इंजिनाला नावं ठेवू नकोस. बोल्ट ढिले असतील, आणखी आवळ. आणि माल बघ. काच ही जातच भित्री. पंपघरात माझ्या टेबलावर भावोजींनी दिलेली काच होती. कोणी हात न लावता तीनदा तडकली. तिन्ही वेळा मी त्यांना कडक पत्र लिहिलं, की मेहुणा म्हणून मोडका माल खपवू नका. तीच खोड दुकानात राहिली असेल.

बाकी क्षेम. रागावलीस तरी पत्र टाकत जा.

तुझा मामा

दि. २० एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांच्या मालाला नावं ठेवू नका. त्या तिन्ही काचा त्यांनी स्वतः निवडून दिल्या होत्या. तुमची पत्रं त्यांनी गल्ल्याखाली ठेवली होती, ती अजून तिथेच आहेत.

बोल्ट आवळले. आता दातसुद्धा वाजतात. शेवटी मी माझ्या धंद्याच्या पद्धतीनं बघितलं. एक काच हौद्यात आडवी ठेवली, तिच्यावर खडूची पूड पसरली आणि इंजिन नुसतं चालू ठेवलं. पूड जागची उठली आणि रेघांत जाऊन बसली. जशी बसली तशी सोबतच्या कागदावर काढून पाठवतेय.

सबुरे हे बघत उभा होता. त्यानं एकच विचारलं, की तुमच्या मामांची इंजिनं कुठपर्यंत गेली होती. उत्तर तुम्हीच द्या.

तुमची भाची

दि. २३ एप्रिल

चि. काचबाईस,
अनेक आशीर्वाद.

माझं एकही इंजिन कधी पंपघराच्या दारापर्यंतसुद्धा गेलेलं नाही. सबुरेला सांग. त्याला हवं तेवढं हसू दे.

तुझ्या कागदावरच्या रेघा मी ओळखल्या. माझ्या टेबलावरच्या काचेवर रोज दुपारी धूळ अशीच जमायची, आणि मी चाळीस वर्षं झाडूवाल्याला आळशी म्हणत आलो. इंजिन हलत नाही अशी माझी ऐट होती. इंजिन, ओटा, टेबल, मी, सगळेच एकदम थरथरत होतो. मग हलतंय कोण हे मला दिसणार कसं? कान गेले तेही तिथेच. आणि भावोजींच्या काचाही तिथेच गेल्या, तीनच्या तीन.

ब्रॅकेट काप आणि रबर घाल. उरलेल्या दिवसांत गट्टू कुठून येणार, हे मात्र मला माहीत नाही. ती पत्रं फाडून टाक. नाहीतर असू देत, मी येऊन फाडतो.

तुझा मामा

दि. २६ एप्रिल

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

गट्टू आठवडाभर सबुरेच्या फळीवर पडून होते. मी नको म्हटलं त्याच दिवशी त्यानं मागवून ठेवले होते. मी काय बोलले होते ते आठवून माझीच मान वर होईना. एका सकाळीत काम झालं. आज सतरा काचा पोचल्या, पैकी तडकलेली एकही नाही. या, बसून बघा. गल्ल्याखालची पत्रं मी हलवलेली नाहीत.

तुमची भाची

दि. २ मे

चि. काचबाईस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप घरी पोचलो. वाटेत कोणी माझ्याशी बोललं असेल तर मला माहीत नाही.

शाळेच्या बत्तीस काचा मी स्वतः मोजल्या. एकतिसाव्या खिडकीत काचेभोवतीची लांबी ओबडधोबड भरली आहेस. मुख्याध्यापिका बाईंना ते दिसलं नाही, हे तुझं नशीब. बॉनेटच्या आत सबुरेनं तारीख घातली आहे, तीही तिरकी. भावोजींना लिहिलेली पत्रं मी बरोबर आणली. फाडायला बसलो आणि आधी वाचली. इतका उर्मट माणूस त्यांनी मेहुणा म्हणून कसा सोसला, देव जाणे.

आता पिकअपमधल्या त्या फेरीबद्दल. मी डॅशबोर्डवर तळहात टेकून, नजर त्या हातावरच ठेवून बसलो होतो. तू समोर बघत बसलीस. मी बराच वेळ वाट बघितली. मला वाटलं, आवळून आवळून तू काहीतरी मोडलंस आणि सांगायला घाबरतेस. शेवटी ओरडलो, की किती वेळ बसवून ठेवतेस, चालू कर. तू खिडकीबाहेर बोट दाखवलंस तेव्हा दुकान मागे पडलेलं होतं. ताई दारात उभी राहून हसत होती, आणि ती इतकी लहान दिसत होती की आपण बरेच पुढे गेलो असणार.

चालू आहे की बंद हे आत बसलेल्याला कळत नाही, असलं इंजिन मी माझ्या पंपघरात एक दिवस ठेवलं नसतं. कानाचं यंत्र कपाटातून काढलं आहे. पुढच्या खेपेला निदान ऐकू तरी यावं.

सबुरेला काय सांगायचं ते मीच येऊन सांगेन. राग येईल तेवढा येऊ दे, लोभ मात्र आवळून ठेव. मध्ये रबर घालून.

तुझा मामा