रात्री जेवणानंतर एक

२४ जुलै, गुरुवार

उद्यापासून श्रावण. म्हणजे माझा नवस सुरू!

एप्रिलमध्ये ह्यांना अटॅक आला, स्टेंट बसवायला आत नेलं, तेव्हा मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून सिद्धेश्वराला बोलून गेले — वाचव, श्रावणभर एक वेळच जेवतील. ह्यांना न विचारता! दुसऱ्याच्या पोटावर नवस बोलणारी मी एकटीच असेन. आज भीतभीत सांगितलं, तर हसले. "बोललीस न्हवं? मग फेडू की. दुपारी डबा, रात्री कपभर दूध. लई झालं."

हसतात ते. मी नाही हसू शकत. तीन महिने झाले, रोज सकाळी डोळे उघडले की आधी ह्यांची छाती वर-खाली होतेय का बघते. मग चहा.

२६ जुलै

काल-आज रात्री ताट मांडलं नाही. चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

२ ऑगस्ट, शनिवार

अंगणवाडीत पोषण आहाराचं पोतं ओढलं आणि केवढी धाप लागली! पाच मिनिटं बाकावर बसून होते. मुलं गोल करून बघत बसली. जबडाही ठणकतोय. दाढच असणार. लवंग धरली.

७ ऑगस्ट

दाढ तशीच. दवाखान्यात जायला वेळ कुणाला आहे.

११ ऑगस्ट, सोमवार

अक्षर बघा कसं येतंय.

दुपारी एमआयडीसीतून येडूभाऊंचा फोन. यंत्रमागाच्या कारखान्यात ह्यांच्या शेजारच्या मागावर असतात ते. "वैनी, घाबरू नका. माग दुरुस्त करताना छातीत कळ आली म्हनत्यात. मी गाडीवर घालून दवाखान्यात आनलंय." घाबरू नका म्हणे! रिक्षात बसले तेव्हा पायात एक चप्पल माझी, एक ह्यांची.

ठेवून घेतलंय. डॉक्टरबाईंनी विचारलं, "गोळ्या नियमित चालू आहेत ना?" मी छाती पुढे काढून सांगितलं — एक चुकत नाही मॅडम, मी स्वतः विचारते रोज.

१२ ऑगस्ट

फाइल न्यायला घरी आले. गोळ्यांचा डबाही घेतला. सकाळच्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या बरोबर संपत आलेल्या. रात्रीची, कोलेस्टेरॉलची पाकिटं मात्र तशीच्या तशी. सतरा गोळ्या जास्त!

तशीच दवाखान्यात पळत गेले, पलंगाशी उभी राहून विचारलं. हे शांतपणे म्हणाले, "पाकिटावर लिवलंय की — रात्री जेवणानंतर एक. आता रात्री जेवतोय कुटं? मग जेवणानंतर कशी घेणार? मला वाटलं, उपाशीपोटी घेतली तर बाधंल."

काय बोलायचं! उभं आयुष्य मशिनवर गेलं, पाटीवर लिहिलंय तसंच करणार.

आणि मी? रोज विचारायचे, ते ह्यांचं ताट उचलताना. ताटच नाही म्हटल्यावर माझंही विचारणं बंद. लक्षातसुद्धा आलं नाही! दिवसभर आयाबायांना सांगते, बाळाचा डोस चुकवू नका. माझ्याच घरात, माझ्याच नवसानं सतरा दिवस चुकले.

१३ ऑगस्ट, बुधवार

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. ओरडल्या नाहीत, खुर्ची ओढून बसल्या. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

म्हणाल्या, "रिपोर्टमधला आकडा खाली आणणं हे या गोळीचं एक काम. दुसरं काम रक्तवाहिनीच्या आत चालतं. तिथं चरबीचे थर साचलेत, त्यांच्यावर पातळ पापुद्रा आहे. गोळी आतल्या अस्तराची सूज उतरवते, पापुद्रा घट्ट करते. तो फुटला की रक्ताची गुठळी होते आणि अटॅक येतो. गोळी थांबवली की ही राखण काही आठवड्यांत कमी होत जाते." मग हळूच — "आणि या गोळीला जेवण लागतच नाही हो. नुसत्या पाण्याबरोबर चालते."

नुसत्या पाण्याबरोबर!

पापुद्रा ऐकल्यापासून मला दुधावरची साय दिसतेय. खाली दूध तापतंय, साय थरथरतेय. उद्या अँजिओग्राफी.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी करमाळ्याहून सासूबाईंचा फोन. "तितं खायाला घालू नको गं रातचं. नवस मधीच मोडला तर देव कोपंल." बावीस वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटलं, आत्याबाई, नवस माझा आहे, कोप झाला तर माझ्यावर होऊ दे! आणि फोन ठेवला. ठेवल्यावर रडले.

ह्यांना आत नेलं. पाऊण तास. देवाचं नाव घ्यायचीही भीती वाटत होती, पुन्हा काहीतरी बोलून बसेन म्हणून.

स्टेंट उघडा आहे! नवीन अडथळा नाही. "थोडक्यात निभावलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी जिन्यातच मटकन बसले. दम लागला होता, जबडा धरला होता. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"हे कधीपासून?"

दाढ आहे, म्हटलं, चालले की ठणकते, बसले की थांबते.

"चालताना दुखते आणि बसलं की थांबते, अशी दाढ असते का?"

मग बाईंनी विचारलं, "तुमच्या आई कशानं गेल्या?" म्हटलं, छातीत कळ येऊन. अठ्ठेचाळीस वर्षांची होती. मी आता सत्तेचाळीस. हे आजवर कधी शेजारी-शेजारी ठेवून बघितलंच नव्हतं.

लगेच ईसीजी काढला, रक्त घेतलं. मी म्हणतेय, माझं कशाला, पेशंट हे आहेत!

१६ ऑगस्ट

हे घरी आले. रात्री दोन भाकरी खाल्ल्या. गोळी माझ्यासमोर घेतली. माझा रिपोर्ट सोमवारी.

१८ ऑगस्ट, सोमवार

रिपोर्ट आला. ह्यांना वाचायला दिला नाही. ह्यांनीच माझ्या हातातून काढून घेतला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

उद्या आठ वाजता अँजिओग्राफी. माझी.

डब्यात आता दोघांच्या गोळ्या. मेडिकलवाल्यानं माझ्याही पाकिटावर तेच लिहून दिलंय — रात्री जेवणानंतर एक. ह्यांनी पेन मागून घेतलं आणि 'जेवणानंतर' खोडलं. मग पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. "घे. माझ्यादेखत."

गिळेपर्यंत हलले नाहीत.