पहिल्या पंगतीतलं ताट

किन्हीराजा,
३ जुलै २०२५

ती. आईस,
वैजयंतीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

लग्नाच्या दिवशी जीपमध्ये बसायच्या आधी तू माझ्या कानात एक वाक्य सांगितलं होतंस: बाईनं सर्व्यात शेवटी जेवावं, म्हंजे घरात कोन उपाशी राह्यलं ते तिले समजते. एकवीस वर्षं मी ते पाळलं. चैत्रापासून मोडलं आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी तुला ते माझ्या अक्षरात कळावं, म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण तुला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडते, आणि तुला सोडून सगळ्या किन्हीराजाला कळतं.

माझी मान काळी पडली होती, आठवतं? दिवाळीत तू बेसन-लिंबू लावून नारळाच्या शेंडीने इतकी घासलीस की आठ दिवस चुरचुरत होती. इकडे सासूबाई म्हणायच्या, सूनबाईला मानेवर पाणी घ्यायचा कंटाळा. आई, तो मळ नव्हताच. मालेगावच्या डॉक्टर मॅडमनी मान पाहिली, टेपने कंबर मोजली आणि रक्त तपासायला लावलं. अजून मला शुगर झालेली नाही, पण वाट तिकडचीच आहे. याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात.

मला काही समजलं नाही, तेव्हा मॅडमनी विचारलं की घरात हाकेला ओ न देणारं कोण आहे. मी लगेच तुझ्या जावयांचं नाव सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, दिवसभर हाका मारत राहिलं की माणूस ऐकणं सोडतं, शरीराचंही तसंच होतं. आपण काही खाल्लं की इन्सुलिन हाक मारतं, साखर आत घ्या म्हणून. सकाळपासून सहा गोड चहा, मधे टोस्ट, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या भाताचा डोंगर, असं असलं की हाका थांबतच नाहीत. शरीर ओ देईनासं होतं, मग इन्सुलिन आणखी मोठ्याने ओरडतं. त्या ओरडण्यात पोट सुटतं, मान काळी पडते, जेवल्याबरोबर डोळे मिटतात. एक दिवस ओरडणाराच थकतो. मग तुझ्यासारखी शुगरची गोळी.

म्हणून मी हाका कमी केल्या. चहा दोनदाच, बिनसाखरेचा. संध्याकाळी सातला स्वतःचं ताट वाढून घेते. आधी वाटीभर मटकीची उसळ आणि पालेभाजी, मग एक ज्वारीची भाकर, भात दोन घास. जेवून फाट्यापर्यंत चालत जाऊन येते. शेतकरणीला चालायचं काय नवल, असं तू म्हणशील. पण सोयाबीन आता मशीन काढतं, फवारा गडी मारतो, आणि मी ओट्यावर बसून लसूण सोलते. म्हणून सकाळी पाण्याच्या दोन बादल्या घेऊन गच्चीचा जिना चारदा चढते.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, पोटात दुखतं का. दुसऱ्या दिवशी काहीच विचारलं नाही. तिसऱ्या दिवसापासून बोलणं बंद. शेजारच्या दुर्गाबाई मुद्दाम सातला आल्या आणि म्हणाल्या की वैजूबाईले आता साहेबिनीची भूक लागते. मी म्हटलं, भूक जुनीच आहे, वेळ तेवढी नवी. आणि जेवत राहिले.

तू रागावणार हे धरून लिहिलं आहे. रागाबरोबर थोडी माया आली तर ठेवून घेईन.

तुझी,
वैजयंती


मंगरूळपीर,
१७ जुलै २०२५

चि. सौ. वैजूस,
आशीर्वाद. ह्या डाव रागानं देते, तरी लागू पडतीन.

तुह्यं पत्र यायच्या आंधीच तुह्या सासूचा फोन तुह्या भावाले, पवनले आला होता. तुळसाबाई म्हने, तुमची लेक घरधन्याच्या आंधी ताटावर बसते, आमच्या घरात असं आजलोक झालं नाई. पवननं मले ओरडून सांगतलं. तुही मान काळी होती तवा मले येवढी लाज नाई वाटली, जेवढी माही मान खाली गेली तवा वाटली.

काहून वं, मले शुगर नाई काय? नऊ वर्सापासून हाय. सकाळची गोळी घड्याळ पाहून घेते, एक दिवस चुकली नाई. चहात साखर टाकते, पोळ्याले पुरनपोळी खाते, आनं सर्व्याइच्या मागून जेवते. मेली काय? तू बारावी शिकली आनं एका मॅडमच्या बोलन्यावर घरची रीत मोडून बसली. भाकर कमी खा, भात सोड, मी नाई म्हनत नाई. पन सर्व्याइच्या आंधी कायले? थोडी भूक दाबता येत नाई काय? सासूची माफी माग आनं मोकळी हो.

महालक्ष्म्या एकतीस ऑगस्टले बसतात, एक तारखेले जेवन. दोन दिवस आंधी ये. निताले एकटीले पुरन वाटनं होत नाई, सून चांगली हाय पन हातात जोर नाई. तीन वर्सापासून जेवनाच्या दिवशी माह्या अंगात देवी येते ते तुले मालूमच हाय. औंदा पवननं रिसोडचे दोन घरं बोलावले. कोनाले पोरीच्या लग्नाचं इचाराचं हाय, कोनाले बोअरच्या पान्याचं. अशा घरची लेक तू, आनं लोकाइनं काय म्हनावं, का देवीवालीच्या लेकीले दम धरवत नाई?

राग उतरला का दुसरं पत्र लिहीन. घाई करू नको.

तुही आई,
सोजरबाई


किन्हीराजा,
३० जुलै २०२५

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

माफी मागितलेली नाही. मागणारही नाही.

कंबर चार बोटं कमी झाली. कानामागून मानेचा रंग उतरतो आहे. दुपारी डोळा लागत नाही, उपाशीपोटीची साखरही खाली आली. चुका केल्या त्याही सांगते, नाहीतर तू म्हणशील मोठी शहाणी झाली. पहिल्या महिन्यात भाकर पूर्ण सोडली आणि चक्कर येऊन कणगीला धडकले. मॅडमनी चांगलंच झापलं. साखर सोडली म्हणून गुळाचा चहा पीत होते, तर शरीराला गूळ आणि साखर यातला फरक कळत नाही म्हणे. मला कळायचा, तोही विसरावा लागला.

तुझे जावई मागच्या आठवड्यात सातला ताटावर येऊन बसले. भूक लागली असं पुटपुटले. आता रोज बसतात. सासूबाईंचं मौन चालूच आहे, पण रोज सकाळी कुणीतरी मटकी भिजत घालून ठेवतं. मी विचारत नाही, त्या सांगत नाहीत.

आता जे लिहायला हात धजत नव्हता ते लिहिते. निताने तुझ्या गोळीच्या पाकिटाचा फोटो पाठवला, तो मी मॅडमना दाखवला. त्यांनी विचारलं, ही गोळी घेतल्यावर आई किती वेळाने जेवते. मी म्हटलं, लगेच. घरी येताना मात्र मला मागच्या महालक्ष्म्यांचा दिवस आठवत राहिला.

सकाळी आठला तू गोळी घेतलीस. नैवेद्यापर्यंत उपास. मग पुरुषांच्या पंगती, मग पाहुण्या बायका. चार वाजेपर्यंत तुझ्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. मग तुझे हात थरथरले, पोलकं घामाने भिजलं, डोळे कुठेतरी लागले, शब्द तुटक यायला लागले. निताने धूप फिरवला, कुणी कुंकू लावलं, माणसं पाया पडली. शेवटी मी तुझ्या तोंडात पुरणाचा गोळा घातला आणि थोड्या वेळाने तू शांत झालीस. देवी पुरणाने शांत होते, असं सगळे म्हणाले.

आई, साखर उतरलेलं माणूसही साखरेनेच शांत होतं. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ही गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर पार खाली जाते, आणि एखाद्या वर्षी पुरण वेळेवर पोटात गेलं नाही, तर माणूस परत येत नाही.

देवी खरी का खोटी, हे मी विचारत नाही. तेवढी माझी पायरी नाही. मला फक्त एवढं सांग, त्या वेळी तुला नेमकं काय होतं?

उत्तराला उशीर केलास तर मीच येऊन उभी राहीन.

तुझी,
वैजयंती


मंगरूळपीर,
१२ ऑगस्ट २०२५

चि. वैजूस आशीर्वाद.

हे पत्र वाचून चुलीत टाक.

पह्यल्या वर्सी मले काईच समजलं नाई. लोक म्हनत देवी आली, मी बी म्हटलं आली असन. दुसऱ्या वर्सी हात कापाले लागले तवा समजलं, का हे तं तेच हाय जे एक डाव निंदनाच्या दिवशी वावरात झालं होतं. तवा गुळाचा खडा खाल्ला आनं बरी झाली होती. म्हंजे मले मालूम होतं. तरी मी ताट मांगतलं नाई.

काहून, ते तू इचारशीनच. तुहे बाबा गेल्यापासून मी महालक्ष्म्याइच्या पुढं हळदी-कुंकवाले उभी राहत नाई. मांगं गॅसजवळ बसते आनं पुरन वाटते. घरात काई इचाराचं असलं तं पवन निताले इचारते, निता मोबाईलले इचारते. त्या दिवशी मातर पवननं माह्या पायावर डोकं ठेवलं आनं म्हने, माय, काय पाह्यजे तुले, काय खाशीन? वैजू, ह्या घरात सत्तेचाळीस वर्सं मी वाढून राह्यली. काय खाशीन, हे मले पह्यल्यांदा कोनी इचारलं. ते बी मी मी नव्हती तवा.

तुले जीपपाशी सांगतलं ते खोटं नाई. शेवटी जेवनारीले समजते कोन उपाशी हाय. पन तेच बाई उपाशी असन तं कोनाले समजते, हे माह्या मायनं मले सांगतलं नाई आनं मी तुले सांगतलं नाई.

तरी औंदा बी मी आंधी जेवनार नाई. तुही मॅडम आली तरी नाई. बारा महिने मले कोनी पाहत नाई, एक दिवस घंटाभर सर्वे पाहतात. तेवढं मले राहू दे. तू पुरन घेऊन जवळच उभी राह्य म्हंजे झालं.

तुह्या सासूले मीच फोन लावला. सांगतलं का माही लेक बिघडली नाई, बरी होऊन राह्यली, तिले सातले जेवू द्या, आनं तुमी बी जेवा. मले आयकू येत नाई म्हून तिनं काय म्हटलं ते मालूम नाई. पन मी काय म्हटलं ते साऱ्या गल्लीनं आयकलं.

काळजी करशीनच, कर. पन रडू नको.

तुही आई


किन्हीराजा,
२२ ऑगस्ट २०२५

ती. आईस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र जाळलं नाही. इथेही चूल राहिली नाही, आणि गॅसवर धरायला हात झाला नाही. साडीच्या घडीत ठेवलं आहे, कुणाला दाखवणार नाही.

सासूबाई त्या फोननंतर दोन दिवस घुश्शात होत्या. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर पाट ओढून बसल्या आणि म्हणाल्या की तुह्या मायचा आवाज लय मोठा हाय. मग उसळीत मीठ कमी आहे म्हणाल्या. चार महिन्यांनी कानावर आलेलं पहिलं वाक्य, म्हणून मी मुकाट्याने मीठ वाढलं.

तुला न विचारता एक गोष्ट केली आहे. निताला सांगितलं की आईचे हात कापायला लागले तर आधी साखरपाणी द्यायचं आणि धूप नंतर. कारण सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही, म्हणजे तिला कळलं असावं. गोळीचं मात्र तू तुझ्या मनाने काही करू नको. उपासाच्या दिवशी ती कशी घ्यायची, हे पवनने तुझ्या डॉक्टरांना आधीच विचारायचं, असं त्यालाही बजावलं आहे.

पण पुरण हातात घेऊन तुझ्याजवळ उभी राहणार नाही, आई. तू मरणाच्या दारापर्यंत जाशील आणि मी गोळा घेऊन वेळ बघत राहीन, हे माझ्याने होणार नाही. लोकांनी तुझ्याकडे पाहावं असं मलाही वाटतं, तुझ्याहून जास्त वाटतं. पण ते तुझ्याकडेच पाहू देत.

पहिल्या वर्षी अंगात आलं तेव्हा पवनला तू सोयाबीनमध्ये तूर घे म्हणालीस, आणि तूर पिकली. वरल्या आळीतल्या पोरीचं लग्न दोन वर्षं थांबवा म्हणालीस, ती आज नर्सिंग शिकते आहे. थरथर भुकेची होती, पण ती उत्तरं पन्नास वर्षं सगळ्यांचं बघत आलेल्या बाईची होती. ती तुला पोटभर जेवूनही देता येतील. रिसोडकरांना ऐकायचं असेल तर ऐकतील, नाहीतर जेवून जातील.

मी एकोणतीसला सकाळच्या बसने येते. पुरण मी वाटीन. एक तारखेला नैवेद्य झाला की पहिल्या पंगतीत, पुरुषांच्या ओळीत, मी दोन पाट मांडणार आहे. पवन बघत राहील, पाहुणे कुजबुजतील, कुणी देवी कोपेल म्हणेल. एका पाटावर मी बसेन. आणि तुझ्या अंगात कुणी येण्याच्या आधी, सगळ्यांना ऐकू जाईल आणि तुलाही ऐकू येईल इतक्या मोठ्याने विचारेन, की आई, काय खाशील?

तू नाही म्हणशील. विधवेनं पहिल्या पंगतीत बसायचं नसतं म्हणशील, मांगं लय काम पडलं हाय म्हणशील, ऐकू आलं नाही असंही दाखवशील. सगळं मला माहीत आहे. तरी एवढं एकच मागते: पदराला हात पूस, आणि माझ्या शेजारच्या पाटावर येऊन बस.

तुझी,
वैजू