शिवणीची काठवट आणि जवसाचं तेल

आबा, आज सकाळी नातीनं तुमची काठवट माझ्या पुढ्यात आणून ठेवली आणि विचारलं, "आज्जी, ही पार कोरडी पडलीय. दुकानात पॉलिश मिळतं, ते लावू का?" मी अशी काही खेकसले की पोरगी दचकलीच. पॉलिश म्हणे! म्हटलं, दाराखिडक्यांना लाव हवं तर, भाकरीचं पीठ मळायच्या भांड्याला कुणी पॉलिश लावतं होय? बोलून झाल्यावर लक्षात आलं, हे बोलणं माझं नव्हतंच, तुमचं होतं. अगदी त्याच सुरात. मग बाकीची कामं ठेवली बाजूला आणि कागद घेऊन बसले.

मेढ्याकडचं आपलं घर, आणि घरापुढची ती पडवी. तुम्ही मांडी घालून बसला आहात, पुढ्यात शिवणीच्या झाडाचा ओंडका, आणि ढलप्या उडून आईच्या निवडलेल्या तांदळात पडताहेत. आई करवादते आहे, तुम्हाला त्याचं काही नाही. त्याआधी तुम्ही महाबळेश्वरला साहेबांच्या बंगल्यांत खुर्च्या-कपाटांना पॉलिश करायला जायचात. ते सोडून घरी बसलात आणि काठवटी, पोळपाट, वाडगे करू लागलात. लढाईचे दिवस होते, तांब्या-पितळेची भांडी मिळेनाशी झाली होती, त्यामुळे लाकडाला गिऱ्हाईक बरं होतं. बाजारात दुसऱ्यांचा माल आरशासारखा चकाकायचा. आपल्याही काठवटीवर तसंच चकचकीत काहीतरी लावा, म्हणून लोक तुमच्या मागं लागायचे. तुम्ही ऐकायचा नाहीत. पॉलिश पिठात उतरतं आणि पीठ पोटात जातं, एवढं एकच सांगायचात. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेलसुद्धा चालायचं नाही, त्यात काय काय घातलेलं असतं ते बंगल्यांवर बघितलं होतं तुम्ही. तुमचा नियम सोपा होता, ज्याची चटणी होते त्याचंच तेल लाकडाला. मी एकदा तुम्हाला पकडलं होतं, आठवतं? म्हटलं, चटणी भुईमुगाच्या शेंगांचीही होते की. तर म्हणालात, "व्हती. पण शेंगाचं तेल वाळत न्हाई, लाकडात बसून खवट हुतं. जवसाचं वाळतं." म्हणून घाण्यावरचं कच्चं जवसाचं तेल. तेलाचा हात द्यायचा, पुसायचं, उन्हात ठेवायचं, पुन्हा हात. शेवटी जंगलातल्या पोळ्याचं मेण चोळायचं.

आणि त्या सगळ्यात माझं नाक. तुम्हाला वास येत नव्हता, हे घरात आपल्या तिघांनाच ठाऊक होतं. तुमच्या मते ते बंगल्यांवरच्या स्पिरिटनं गेलं, आईच्या मते तपकिरीनं. गिऱ्हाइकासमोर तुम्ही तेलाचा डबा नाकाशी धरायचात, मोठ्या जाणकारासारखी मान हलवायचात, आणि मग सहज दिल्यासारखा माझ्याकडं सरकवायचात. मी हुंगून डबा खाली ठेवला की तेल चांगलं, हातातच धरून राहिले की खराब. कसलं नाटक करायचात हो! मला मात्र त्याचा केवढा तोरा होता. थोरल्या भावाला रंदा मिळाला होता, पण तुमचं नाक मी होते.

माझं लग्न सांगलीला ठरलं तेव्हा तुम्ही माझ्यासाठी काठवट करायला घेतली आणि मला पडवीत यायची बंदी केली. रुखवतात मांडेपर्यंत मी ती बघायची नाही म्हणे. एवढी मोठी, एकसंध, कडेला बारीक गोठ. करंज्या-लाडवांच्या ताटांमध्ये ती ठेवली आणि बायका ताटं सोडून तिच्याच भोवती जमल्या. सासूबाईंनी बोटाच्या पेरानं वाजवून बघितली आणि मांडवातच सांगून टाकलं, आमच्या आळीतल्या सगळ्याजणींना अशाच हव्यात. त्या दिवशी तुमचा फेटा जरा जास्तच ताठ होता. तुम्ही गावी परतून लगेच ओंडके तोडायला घेतलेत, हे मला आईच्या निरोपातून कळलं.

इकडं सांगलीत थोड्याच दिवसांत काठवटीला वास येऊ लागला. खवट, घशाशी बसणारा. तिच्यातल्या पिठाची भाकरी तोंडाशी नेली की मला कळायचं. मी राखेनं घासली, गरम पाण्यानं धुतली, लिंबू चोळलं, उन्हात टाकली. वास हटेना. काय झालं असेल ते मला न सांगता समजलं होतं. मेढ्याच्या घरी आपल्या फडताळात दोन डबे शेजारी शेजारी, एक जवसाचा, एक स्वयंपाकाच्या शेंगतेलाचा. मला दाखवायची नाही म्हणून त्या एका काठवटीच्या वेळी तुम्ही मला हाक मारली नव्हती. मी मोरीत बसून रडले. तुमचा रागही आला. खरं सांगावं तर भांडी करणाऱ्याला तेलच ओळखता येत नाही, असं आळीभर झालं असतं आणि तुमचे तोडलेले ओंडके तसेच पडले असते. गप्प बसावं तर सून वाईट पिठाची भाकरी घालते. एक दिवस सासूबाईंनी घास तोडला, ताटात परत ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, पीठ जुनं झालं असेल. त्यांनी उरलेली भाकरी तशीच खाल्ली.

मग तुम्ही आलात. सर्व्हिस मोटारीतून उतरून, धुळीनं भरलेले, आळीतल्या बायकांना कोणत्या मापाच्या काठवटी हव्यात ते विचारायला. काठवट अंगणात उन्हात उभी केलेली होती. ती बघून तुमचा चेहरा खुलला आणि तुम्ही कौतुकानं तिच्या आत तळवा फिरवला. तळवा मध्येच थांबला. पुन्हा फिरवलात, बोटं एकमेकांवर चोळून बघितलीत. नाक नव्हतं, पण हात होते ना तुमचे.

"ही वाळलीच न्हाई," तुम्ही म्हणालात. "शेंगाचं लावलं म्या हिला."

मी मान खाली घातली. तुम्ही पायरीवर बसलात. फेट्याच्या शेमल्यानं बोटं पुसलीत आणि म्हणालात, "तुझ्या नाकावर चाललं हुतं पोरी समदं. आता बास. ह्या बायांना सांग, म्हातारा करत न्हाई आता."

सासूबाई दाराआड उभ्या होत्या. त्या व्याह्यांशी थेट बोलत नसत, बोलणं माझ्या नावानं व्हायचं, व्याही दोन हातांवर बसलेले असले तरी. त्या आतून म्हणाल्या, "सूनबाई, तुझ्या आबांना सांग, नाक हरवलेलं नाही, आमच्याकडं आलंय. काठवटी कोऱ्याच आणा म्हणावं. तेल इथं अंगणात लावू."

मी काय सांगणार, तुम्ही ऐकलंच होतं. तुम्ही डोळे पुसलेत आणि मला म्हणालात, तासणी माग कुणाकडनं तरी. त्याच दुपारी तुम्ही काठवट आतून सगळी तासून काढलीत, नवं लाकूड वर येईपर्यंत. मी पेठेतनं जवसाचं तेल आणवून हुंगलं आणि डबा खाली ठेवला. त्यानंतर आळीतल्या प्रत्येक काठवटीला तेल आमच्याच अंगणात लागलं. तुम्ही कोऱ्या काठवटी घेऊन यायचात, मी हुंगायची, दोघं मिळून हात द्यायचो, आणि वाळेपर्यंत तुम्हाला मुक्काम करावा लागायचा. माझ्या जावेला वर्षातून एकदा माहेर दिसायचं. माझं माहेर असं येऊन पायरीवर बसायचं. आबा, ती काठवट तुम्ही चुकलात हे किती बरं झालं, हे तुमच्यासमोर कधी बोलता आलं नाही. बोलले असते तर तुम्ही तपकीर ओढून विषय बदलला असतात.

तर आज नातीला म्हटलं, पॉलिश नको, जवसाचं तेल आण. ती बाटली घेऊन आली. झाकण काढून माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, "आज्जी, बघ गं चांगलं आहे का, तुलाच कळतं." मी बाटली नाकाशी नेली. मोठ्या जाणकारासारखी मान हलवली. आणि सहज दिल्यासारखी बाटली तिच्याकडं सरकवून म्हटलं, "आधी तू सांग बरं, बघू तुला जमतंय का." पोरगी खूश झाली, नाक खुपसून हुंगत बसली.

मला वास येत नाही, आबा. गेल्या थंडीपासून. घरात अजून कुणाला बोललेले नाही.