अक्काला फोन करू नका

कुरुंदा, ता. ५ जानेवारी २०२४

चि. रत्नपाल यास, अक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पाहून चकित होशील, पण तू फोन करू नकोस. घंटी वाजली की माझी पाठ न् पाय फळीसारखे ताठ होऊन राहिलेत. परवा कुकरची शिट्टी झाली न् मी हातात परात घेऊन उभीच्या उभी आडवी झाले. पीठ सांडलं न्हाई, मीच सांडले. साखरेची बिमारी तीन वर्षांची. इन्सुलिनची सुई रोज बराबर घेते. मग ही नवी तकलीफ कुठून आली? इथले डॉक्टर मणका म्हणाले, पट्टा दिला. तुझे माणिकराव दाजी म्हणतात, कामाच्या वक्तालाच बरी आखडतीस. एप्रिलमध्ये ऐश्वर्याचं लग्न आहे. डीजे वाजला तर पोरीच्या मांडवात मी पडून राहीन, हीच भीती वाटते.

माया असू दे.
तुझी अक्का, पद्मा

पुसेगाव, ता. १४ जानेवारी

ती. अक्कास, सविनय जयभीम वि. वि.

पत्र वाचून लई हसलो. तू लहानपणापासून ताठच. आईनं सांगूनही कधी वाकली न्हाईस. आता कुकरनं वाकवावं काय? लग्नाच्या पोळ्या लाटायला लागू नयेत म्हणून हे सोंग काढलंस, असं मला वाटतं. रोज चालत जा. डीजे मामा म्हणून मीच ठरवलाय. भाचीच्या लग्नात मी नाचणार. तू कानात कापूस घाल.

दाजींना जयभीम. लोभ आहेच.
रत्नपाल

कुरुंदा, ता. १९ फेब्रुवारी

चि. रत्नपाल यास,

आशीर्वाद यावेळी अर्धाच. तू म्हणालास म्हणून चालायला लागले. वसमतला बाजाराच्या दिवशी रस्ता ओलांडताना ट्रकनं भोंगा मारला न् मी मधोमध खांब झाले. दोन्हीकडून गाड्या थांबल्या. लोकांना वाटलं रास्ता रोको आहे. एकानं मागणी काय म्हणून विचारलं, दोघं तर माझ्या बाजूला बसले बी. मला हसू येत होतं न् डोळ्यांतून पाणी चाललं होतं. ट्रक हातभर अंतरावर होता न् मला पाऊल उचलता येत न्हवतं.

मग तुझी लेक दीक्षा मला नांदेडला, ती नर्स आहे त्या दवाखान्यात, घेऊन गेली. तुला सांगू नको म्हणून मीच तिला मना केलं होतं. मेंदूच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, हे सोंग न्हाई न् मणका बी न्हाई. अंगातले राखणदारच चुकून घरच्यांवर उठलेत. आधी साखर सांभाळणाऱ्या पेशी मारल्या, आता नसांच्या मागे लागलेत. नाव स्टिफ पर्सन सिंड्रोम. पुरती जात न्हाई, गोळ्यांनी सैल पडते. लाखांत एखाद्याला होते, म्हणाले. तेव्हापासून तुझे दाजी गावभर सांगून राहिले, आमची बायको लाखांत एक. घरी मात्र चोरून डोळे पुसतात, न् कुकर स्वतः अंगणात नेऊन लावतात.

तूर्त एवढंच.
अक्का

पुसेगाव, ता. २७ फेब्रुवारी

ती. अक्कास, सविनय जयभीम.

तुझं पत्र दीक्षाच्या आईला वाचून दाखवत होतो, ट्रकपाशी आलो न् कागद तिच्या हातात दिला. बाकीचं तिनं वाचलं, न् मग दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाई. माझं चुकलं, अक्का. डीजे रद्द केला. नवरदेवाचे काका अडले. मुक्यानं वरात कशी काढायची, म्हणाले. त्यांच्या गावी साखऱ्याला जाऊन ओट्यावर बसलो न् चौथ्या चहाला ते हो म्हणाले.

राग धरू नकोस.
तुझा धाकटा, रत्नपाल

कुरुंदा, ता. २६ एप्रिल

चि. रत्नपाल यास, पुरता आशीर्वाद.

तू लगेच परत गेलास, म्हणून लिहिते. वरातीत पोरं कानात मोबाईलच्या तारा घालून नाचली, ते तू पाहिलंस. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्यानं मयत समजून हात जोडले, ते पाहिलं न्हाईस. भंतेजींनी वंदना हळू घेतली, फुलं पडली, न् मी शेवटपर्यंत उभी होते.

पाठवणीला ऐश्वर्याला कवेत घेतलं न् हात तिच्याभोवती तसेच आखडले. मन भरून आलं तरी होईल, असं डॉक्टर म्हणालेच होते. दीक्षानं गोळी दिली. वऱ्हाड गाडीत बसून राहिलं, काका घड्याळ बघून राहिले. ऐश्वर्या कानाशी म्हणाली, आई, घाई करू नको. अर्धा तास गेला.

तुला म्हणून सांगते, कुणाजवळ बोलू नकोस. हात पंधरा मिनिटांत सैल झाले होते. पुढची पंधरा मिनिटं मीच सोडलं न्हाई.

आहे तशीच माया ठेव.
तुझी अक्का, पद्मा