एक दांडी उरली की

बाबा, आज कपाट आवरताना तुमचा बटणांचा फोन सापडला. त्याची बॅटरी मिळते का म्हणून टी. टी. नगरच्या बाजारात चार दुकानं पालथी घातली. घरी येऊन फोन सुरू केला आणि आधी सापाचाच खेळ उघडला. सर्वांत वरचा आकडा अजून माझाच आहे, त्या रविवारचा.

तो फोन तुम्हांला कारखान्यानं दिला होता, मंडीदीपला मशीन बंद पडलं की बोलावणं यावं म्हणून. घरात नियम एकच: बॅटरीची एक दांडी उरली की खेळ बंद. त्या दुपारी तुम्ही आपल्या सोनागिरीच्या घरी जेवून आडवे झाला होतात. साप इतका लांब झाला होता की माझ्याच्यानं थांबवेना. शेवटी तो स्वतःलाच धडकला, आकडा उमटला आणि लगेच स्क्रीन काळी झाली, तसा मी फोन गुपचूप तुमच्या शर्टाच्या खिशात ठेवून दिला. दोन तासांनी तुमच्या हाताखालचे फिटर मोटरसायकलवरून आले. "दादा, कब से लगा रहे हैं, आपका फोन बंद आ रहा है." तुम्ही खिशातला फोन पाहिलात आणि चपला घालता घालता म्हणालात, चार्ज करायचा राहिला. मी दाराआड उभी होते.

वीस वर्षांच्या नोकरीतला पहिला मेमो तुम्हांला मिळाला. त्या साली सुपरवायझर दुसराच कुणी झाला. आईनं तुम्हांला विसरभोळे ठरवलं, ते कायमचं. पाहुण्यांसमोरही ती चेष्टा करायची, तुम्ही हसायचात आणि सगळ्यांबरोबर मीही. त्या दिवशी मला वाटलं, सुटले. पुढच्या रविवारी मात्र तुम्ही स्वतः फोन माझ्या हातात दिलात. खेळ उघडलेला होता आणि तो आकडा समोर. पुसायचं मला सुचलंच नव्हतं. "आकडा झकास आहे," तुम्ही म्हणालात, "पण एक दांडी उरली की ठेवत जा गं." त्यापेक्षा एक मुस्कटात दिली असतीत तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

त्यानंतर बारा वर्षं तुम्ही रोज सकाळी चहाला समोर बसायचात. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते आज लिहितेय, आणि हा कागद फोनखालीच ठेवणार आहे, पाठवायचा तरी कुठे? मघाशी तुमची नात फोन हातात घेऊन हसली. "आई, आजोबा हाच चार्ज करायला विसरायचे ना?"

आणि बाबा, मी हो म्हटलं.